जुनं आहे म्हणून प्रिय आहे? मैदानांबद्दलच्या एका लाडक्या वाक्याची तपासणी

पीएच.डी.च्या कोर्सवर्कला असताना रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आम्हाला एक असाइनमेंट होतं. स्वतःच्या विषयाबाहेरचा, सगळ्यांना आधीच पटलेला एक दावा घ्यायचा आणि तो पुराव्यावर कितपत उभा राहतो ते दोन पानांत लिहायचं. माझं एम.एस्सी. फिजिक्समध्ये. बाकीच्यांनी चहा आणि अ‍ॅसिडिटी, मोबाईल आणि झोप असे विषय घेतले. मी कुस्तीचं मैदान घेतलं. त्याच्या आदल्या महिन्यात एका कॉन्फरन्ससाठी कोल्हापूरला गेले होते, जळगावच्या गाडीला वेळ होता म्हणून खासबाग मैदान बघून आले होते, आणि ते डोक्यातून जात नव्हतं.

माझं पहिलं वाक्य असं होतं: "खासबाग मैदान शंभर वर्षांहून अधिक जुनं असल्यामुळे कोल्हापूरकरांना त्याची ओढ आहे." सरांनी 'असल्यामुळे' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि समासात तीनच शब्द लिहिले, "मग ब्रेबॉर्नचं काय?"

माझी दोन पानं तिथेच संपली. नव्याने लिहायला तीन आठवडे लागले. पेटची किंवा प्रपोजलची तयारी करणाऱ्यांना त्या तीन आठवड्यांचा उपयोग होईल, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

एका वाक्यात तीन दावे

आधी वाक्य सुटं करून बघू. मैदान जुनं आहे, हा पहिला दावा. तो सोपा, तारखेने तपासता येतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि कुस्तीसाठी तसं काहीतरी आपल्याकडे असावं हे त्यांच्या मनात आलं. खासबाग १९१२ मध्ये खुलं झालं. इथपर्यंत ठीक.

लोकांना ओढ आहे, हा दुसरा दावा. इथे गडबड सुरू होते. ओढ म्हणजे काय मोजायचं? दंगलीला येणारी माणसं? मैदान पाडायचं म्हटलं तर रस्त्यावर उतरणारी माणसं? की पाहुण्याला अभिमानाने दाखवायला नेणारी माणसं? ही तीन वेगवेगळी मापं आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

तिसरा दावा 'मुळे' या दोन अक्षरांत लपलाय. जुनेपण हे कारण आणि ओढ हा परिणाम. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, यूट्यूबवरच्या व्हिडिओंत, क्रीडा संकुलाच्या उद्घाटनाच्या भाषणांत हाच दावा फुकट वाटला जातो. मैदानाला 'आत्मा' असतो, भिंती 'बोलतात', माती 'साक्षीदार' असते. वाचायला छान वाटतं. पण मैदानाचा आत्मा कशाने मोजायचा आणि तो नसला तर काय दिसेल, हे कोणी सांगत नाही. ज्या दाव्याला खोटं ठरण्याची सोयच नाही, तो दावा कितीही गोड असला तरी आपल्या प्रपोजलमध्ये चालत नाही.

जोड लावा

सर म्हणाले, "एका मैदानावरून काही कळणार नाही. कुस्तीत लावतात तशी जोड लाव." वजनाने सारखे दोन पहिलवान समोरासमोर आणतात, म्हणजे फरक वजनाचा की डावाचा ते कळतं. संशोधनातही तेच करायचं. वय सारखं ठेवून बघायचं की ओढ सारखी राहते का. मग वय वेगळं घेऊन बघायचं की ओढ त्याच दिशेने बदलते का.

पहिली जोड अमेरिकेतली आहे. बेसबॉल मला कळत नाही, पण ही जोड इतकी चपखल आहे की सोडवली नाही. बोस्टनचं फेनवे पार्क आणि डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम, ज्याचं सुरुवातीचं नाव नेव्हिन फील्ड होतं, ही दोन्ही मैदानं २० एप्रिल १९१२ या एकाच दिवशी सुरू झाली. वर्षही खासबागचंच. जुनेपण हेच कारण असेल तर दोघांचं नशीब सारखं हवं होतं.

झालं काय? फेनवे पाडून नवं बांधायचा आराखडा १९९९ मध्ये आला होता. लोकांनी विरोध केला, २००२ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी जुनंच दुरुस्त करायचं ठरवलं. आज फेनवे हे अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधलं सगळ्यात जुनं मैदान आहे. डेट्रॉइटच्या संघाने १९९९ च्या सप्टेंबरमध्ये जुन्या मैदानावर शेवटचा सामना खेळला आणि पुढच्या वर्षी नव्या मैदानात मुक्काम हलवला. जुनं मैदान काही वर्षं रिकामं पडून राहिलं आणि २००८-०९ मध्ये पाडलं गेलं.

डेट्रॉइटकरांचं प्रेम कमी होतं म्हणाल, तर तसंही नाही. १९८८ मध्ये तिथल्या चाहत्यांनी हातात हात घालून अख्ख्या स्टेडियमभोवती कडं केलं होतं. म्हणजे ओढ होती, तरी मैदान गेलं. जुनी मैदानं टिकतात ती प्रेमामुळेच, हे आपण म्हणतो कारण आपण फक्त टिकलेली मैदानं मोजतो. जी पडली त्यांच्यावर पुरवणी निघत नाही. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर, बियाणं बदललेल्या यशस्वी शेतकऱ्यांच्याच मुलाखती घेऊन बियाणं चांगलं ठरवण्यासारखं.

फेनवेबद्दल अजून एक. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात तिथला प्रत्येक सामना हाऊसफुल्ल होता, असं क्लब सांगतो, आणि तो आकडा मैदानाच्या जादूचा पुरावा म्हणून दिला जातो. पण त्याच काळात, २००४ मध्ये, संघाने ८६ वर्षांनंतर विजेतेपद मिळवलं. मैदानाची क्षमताही चाळीस हजारांच्या आतली, त्यामुळे ते लवकर भरतं. त्यातून क्लबच्या हिशेबात वाटलेली फुकट तिकिटंही धरली जात. मग गर्दी मैदानाची, विजयाची, कमी जागेची की हिशेबाच्या पद्धतीची? कन्फाउंडिंग म्हणतात ते हेच.

मुंबईची जोड

आता सरांच्या समासातल्या प्रश्नाकडे येऊ. ही जोड उलटी आहे. शहर एक, खेळ एक, प्रेक्षक तेच, मैदानांमध्ये चालत पंधरा मिनिटांचंही अंतर नाही. फक्त वय वेगळं.

ब्रेबॉर्न स्टेडियम ७ डिसेंबर १९३७ ला सुरू झालं. मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरचं ते देखणं मैदान. पंचरंगी सामने तिथे झाले, १९४८ पासून कसोट्या झाल्या. १९६० मध्ये अब्बास अली बेगने अर्धशतक केल्यावर एका तरुणीने मैदानात धावत येऊन त्याचा मुका घेतला, तेही इथेच. म्हणजे वय होतं, सौंदर्य होतं, आठवणी होत्या. 'आत्मा' मोजायचं यंत्र असतं तर काटा शेवटाला टेकला असता.

तरी १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी थेट डिसेंबर २००९ मध्ये झाली, सेहवागने २९३ केले ती. मधली छत्तीस वर्षं मुंबईचं क्रिकेट वानखेडेवर होतं. कारण खेळपट्टी नव्हे, बांधकाम नव्हे. भांडण खुर्च्यांचं होतं. सामना भरवायची असोसिएशन आणि मैदानाचा मालक असलेला क्लब यांच्यात कोणाला किती जागा, यावरून तुटलं. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी वेगळं स्टेडियम उभं करायला घेतलं आणि साधारण तेरा महिन्यांत ते झालंही. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली.

मला थांबवलं ते वेगळ्याच तपशिलाने. खुर्च्यांचं भांडण १९७० च्या दशकातलं पहिलं नव्हतंच. ब्रेबॉर्न सुरू झालं त्याच मोसमात, १९३७ च्या पंचरंगी स्पर्धेत, हिंदूंचा संघ खेळला नाही, आणि तेव्हाही कारण जागांच्या वाटपाचंच होतं. म्हणजे इमारतीचा चुना ओला होता तेव्हापासून प्रश्न एकच: आत कोण बसणार?

आणि मुंबईकर काय करते झाले? ते नव्या मैदानाकडे गेले. काँक्रीटचं, उकाड्याचं, घाईत बांधलेलं वानखेडे त्यांचं झालं. आज ज्या मैदानाला लोक मुंबई क्रिकेटचं 'ऐतिहासिक' मैदान म्हणतात ते बहुतेक वेळा वानखेडे असतं, आणि ते दोघांतलं तरुण आहे. २ एप्रिल २०११ चा विश्वचषक, नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनने खेळपट्टीला केलेला नमस्कार, सगळं तिथलं.

दोन्ही जोडींचा निकाल एकत्र ठेवा. वय सारखं असताना नशीब वेगळं झालं. वय वेगळं असताना कमी वयाचं जिंकलं. 'जुनं असल्यामुळे' हे कारण इथे चितपट झालं.

मग ओढ कशाची?

समीक्षा फक्त पाडण्यासाठी करायची नसते. पाडल्यावर त्या जागी काय ठेवता, हे गाईड विचारणारच. माझं गृहीतक असं आहे: मैदानाची ओढ त्याच्या वयात नसते. त्या मैदानाने कोणाला बसायला जागा दिली आणि त्या जागेवरून काय दिसलं, यात ती असते.

खासबागकडे या नजरेने बघा. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती गोलाकार, वर वर चढत गेलेली बैठक. मध्ये खांब नाही. स्टेडियम बांधणारे इंजिनिअर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती मिलिमीटर मोकळी जाते ते मोजतात. त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात, आणि ती नव्वदच्या आसपास असली की दृश्य चांगलं मानतात. हौद्यापासून जितकं लांब जाल तितका चढ वाढवावा लागतो, नाहीतर मागच्या माणसाला समोरच्याचा फेटाच दिसतो. ही भूमिती कोणत्याही प्रेक्षकाचा हुद्दा विचारत नाही.

मी वर, मध्ये आणि अगदी कडेला अशा तीन ठिकाणी बसून पाहिलं. तिन्हीकडून हौदा पूर्ण दिसला. हे वाक्य मी असाइनमेंटमध्ये मोठ्या आनंदाने लिहिलं आणि लगेच स्वतःच लाल गोल केला. दुपारच्या रिकाम्या मैदानात सगळंच दिसतं! गर्दीत, उभ्या माणसांत काय दिसतं ते मी पाहिलेलं नाही. निरीक्षण ज्या परिस्थितीत केलं ती परिस्थिती लिहायलाच हवी.

गृहीतकाला सगळ्यात मोठा आधार मला डेट्रॉइटकडूनच मिळाला. स्टेडियम पाडल्यावर तिथे गवत माजलं. २०१० पासून आसपासचे काही लोक स्वतःची यंत्रं घेऊन यायला लागले, गवत कापायला लागले, खेळायची जागा पुन्हा आखून घेतली आणि पोरं तिथे खेळायला लागली. भिंत गेली, खुर्च्या गेल्या, छप्पर गेलं. उरली ती खेळायची मोकळी जागा, आणि तेवढ्यावर माणसं परत आली.

माझ्याच गृहीतकाची भोकं

आता माझ्याविरुद्धचा पुरावा. तो लपवला तर ही पोस्ट त्या रविवार पुरवणीसारखीच होईल.

पहिला पुरावा वानखेडेचाच. २०११ च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं तेव्हा क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आली, आणि अंतिम सामन्याची जेमतेम ४ हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी होती. बाकीची क्लब, संस्था, प्रायोजक यांच्याकडे. म्हणजे ज्या कारणावरून वानखेडे जन्माला आलं, त्याच पंक्तीत ते स्वतः जाऊन बसलं. तरी ओढ कमी झाली नाही. उलट धुळ्यात आणि जळगावात अशी कितीतरी माणसं आहेत, ज्यांनी वानखेडे एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही पण त्याच्याबद्दल घरच्यासारखं बोलतात. माझा भाऊ त्यांतला एक. टीव्हीने प्रत्येकाला खुर्ची दिली, असं म्हणून मी गृहीतक वाचवू शकते. पण तसं केलं तर माझं 'जागा' सुद्धा 'आत्म्या'सारखंच लवचीक होईल, कुठेही बसेल. म्हणून मी दोन वेगळे शब्द वापरायचं ठरवलं: जाऊन लागलेली ओढ आणि बघून झालेली ओळख. माझं गृहीतक फक्त पहिल्याबद्दल आहे.

दुसरा पुरावा चाळीसगाव तालुक्यातला. सायगाव बगळीचा विजय चौधरी सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, आणि ती तिन्ही अधिवेशनं अहमदनगर, नागपूर, पुणे अशी वेगवेगळ्या ठिकाणी झाली. महाराष्ट्र केसरी दरवर्षी गाव बदलते. खानदेशातल्या पोरांना तो पहिलवान पाठ आहे, मैदान नाही. म्हणजे खेळावरचं प्रेम मैदानाशिवायही नीट जगतं. मग मैदानाची ओढ हा वेगळा चल आहे, तो खेळाच्या प्रेमातून वजा करून मोजावा लागेल. हे मी अजून कसं करायचं ते ठरवू शकलेले नाही.

तिसरा पुरावा मी स्वतः. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दंगल असते. आधी पोरांची नारळावरची, मग भांड्यावरची, शेवटी रोख इनामाची. मी लहानपणी खाली जायला निघाले की आजी म्हणायची, "पोरी, तठे तुनं काय काम शे?" म्हणून आम्ही बायका-पोरी शेजारच्या गच्चीवरून बघायचो. कडं असायचं पुरुषांचं. वरून हौद्याचा अर्धा भाग दिसायचा, उरलेला निंबाच्या फांद्यांत. चित झाला की खालच्या आरोळीवरून कळायचं.

मला वाटलं, हा पुरावा माझ्या विरुद्ध आहे. जागा मिळाली नाही तरी मला कुस्तीचं वेड लागलंच ना. पण नंतर लक्षात आलं की मला गावाची आठवण येते तेव्हा ती गच्ची आठवते. तापलेला कठडा, काकूने पसरलेली गोणपाटं, फांदी बाजूला धरणारी चुलत बहीण. मैदान आठवत नाही. आणि 'कोल्हापूरकरांना ओढ आहे' असं मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोल्हापूरकर म्हणून फक्त फेटेवालेच होते. सॅम्पल घेण्याआधीच मी निम्मं गाव गाळलं होतं, आणि त्या गाळलेल्यांत मी स्वतः होते.

याने फरक काय पडतो?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. कोल्हापूर रडलं, आणि 'होतं तसंच पुन्हा उभं करा' ही मागणी लगेच झाली. मागणी रास्तच आहे. पण 'तसंच' म्हणजे काय, याचं उत्तर आपण ओढीचं कारण काय मानतो त्यावर ठरतं. कारण जुनेपण असेल तर कमानी, दगड, लाकूड तसंच हवं. कारण बसायला मिळालेली जागा असेल, तर तिकिटाचा दर, मागच्या रांगेतून दिसणारा रंगमंच आणि हौशी मंडळींना परवडणारं भाडं हेही 'तसंच' ठेवावं लागेल. दगडाचा फोटो असतो, म्हणून दगड परत बसवता येतो. भाड्याच्या दराचा फोटो कोणी काढून ठेवत नाही.

खानदेशातही हे लांबचं नाही. तालुक्याच्या गावांतून मैदानांना भिंत होते, मग गेट, मग गेटला कुलूप, आणि फलकावर सुशोभीकरण. त्या वेळी 'आमच्या जुन्या मैदानाला हात लावू नका' असं म्हटलं तर समोरचा म्हणतो, हात कुठे लावला, उलट छान केलं. त्याचं खरंही असतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काल संध्याकाळी इथे कोण कोण बसत होतं, आणि उद्या त्यांतलं कोण बसेल? हा प्रश्न एका वहीत, आठवडाभर संध्याकाळी बसून, भिंत होण्याआधी आणि नंतर मोजता येतो. फंडिंग लागत नाही. कोणाला प्रोजेक्टला विषय हवा असेल तर घ्या.

माझं गृहीतक खोटं कधी ठरेल तेही लिहून ठेवते. भिंत आणि कुलूप झाल्यावर, आत यायला मनाई झालेल्या माणसांची ओढ काही वर्षांनंतरही तितकीच राहिली, तर मी चुकले.

असाइनमेंटचं शेवटचं पहिलं वाक्य असं झालं: "खासबाग मैदानाची ओढ कोणाला आहे, आणि ज्यांना आहे ते तिथे कुठे बसले होते?" सरांनी या वेळी काही खोडलं नाही. समासात फक्त लिहिलं, "आणि ज्या बसल्या नाहीत त्या?"